सव्वा लाखाचा पेलेट ग्रिल? आधी पंचांग काढा, मालक

पत्र: "नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं रो-हाऊस आहे, वर मोकळी गच्ची. मागच्या वर्षी टेक्सासला मेव्हण्याकडं राहून आलो, तिथं त्याच्या पेलेट ग्रिलवरचं खाऊन डोकंच फिरलं. रात्री मांस ठेवायचं, मोबाईलवर टेम्परेचर लावायचं आणि झोपायचं, सकाळी तयार. आता मुंबईच्या एका डीलरनं सव्वा लाख सांगितलेत, वर पेलेटची चार पोती फ्री. मेव्हणा कायमचा पुण्याला परत येतोय, तो म्हणतो थांबा, माझाच जुना कंटेनरमधनं आणतो. बायको म्हणते एवढ्या पैशात घराला रंग होतो. आई माळकरी आहे त्यामुळं मटण घरात शिजत नाही, गच्चीवर गॅसच्या शेगडीवर करतो, रविवारी आम्ही चार मित्र जमतो. मशीन आलं की भाज्यांचं पण करू, आईला पण खाता येईल. घेऊ का नको? नवीन का जुना? आपला, एक मटणवेडा."

मालक,

आधी उत्तर देतो, कारणं मागनं, नाहीतर तुम्ही निम्मं वाचून डीलरला फोन लावाल. नवीन आत्ता घेऊ नका. मेव्हण्याचा जुना फुकट मिळत असला तरी नको म्हणा. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे पण माझं कारण वेगळं आहे, प्रश्न पैशाचा नाहीच, ऐपत आहे म्हणून तर विचारताय. प्रश्न असा की ज्या कामासाठी हे मशीन बनलंय ते काम तुमच्या गच्चीवर किती वेळा निघणार.

मशीन नेमकं करतं काय ते बघू, कारण डीलर लोक वायफाय आणि ॲपबद्दलच बोलत बसतात. एका बाजूला पेटी, तिच्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेलेट, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या. पेटीच्या तळाला खिम्याच्या मशीनमधे असतो तसा फिरणारा स्क्रू, तो थोड्या थोड्या पेलेट ढकलत एका लोखंडी वाटीत टाकतो, वाटीत एक कांडी तापून लाल होते, पेलेट पेटतात, पंखा हवा मारतो, वर जाड पत्रा असतो म्हणजे जाळ थेट मांसाला लागत नाही. आत टेम्परेचर मोजणारी काडी, तिच्यावरनं कंट्रोलर ठरवतो स्क्रू किती फिरवायचा. संपलं. लाकडावर चालणारा पण वीज लागणारा ओव्हन म्हणा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधे जो ट्रेगर म्हणून गृहस्थ होते त्यांनी १९८० च्या दशकात हे काढलं, पेटंट पण घेतलं, २००६ ला ते संपलं आणि मग बाकीच्या कंपन्या धडाधड उतरल्या, म्हणून आज एवढी मॉडेलं दिसतात. पेलेट तर मुळात घर गरम करायच्या शेगडीसाठी निघाल्या होत्या, स्वयंपाकात नंतर आल्या.

तर या सगळ्या खटाटोपाचा मोठा फायदा एकच, जाळाजवळ बसावं लागत नाही. आणि तो फायदा खरा आहे, मी नावं ठेवणार नाही. तिकडं या मशीनवर मुख्य काय करतात, तर बीफचं ब्रिस्केट म्हणजे छातीचा भाग, नाहीतर पोर्कचा खांदा, चार-सहा किलोचा अख्खा तुकडा, चरबीनं भरलेला, ११० ते १२० डिग्री सेल्सिअसवर दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त. मधे सत्तर डिग्रीच्या आसपास तो तुकडा अडकून बसतो, वरनं पाणी उडत राहतं आणि घाम आल्यावर अंग गार पडतं तसं मांस स्वतःला गार करत राहतं, तास तास काटा हलत नाही. असं काम रात्रभर कोळसा घालत कोण करणार, म्हणून माणूस मशीन घेतो आणि झोपतो.

आता तुमच्याकडं काय आहे? बोकड. आपल्या बोकडाची अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, दीड-दोन किलोची, त्यात चरबी नावालाच. ती चार-पाच तासात होते हो. सकाळी दहाला ठेवली तर जेवायच्या वेळेला थोडा उशीर होईल एवढंच. कोंबडी दीड-दोन तासात. रात्रभर झोपायची सोय विकत घेताय आणि तुमचं काम दुपारी आटपतंय, मग ते सव्वा लाख गेले कशात? शिवाय चार मित्र रविवारी गच्चीवर जमून करतात काय, जाळाभोवतीच बसतात ना? मशीननं ते काम पण काढून घेतलं तर तुम्ही चौघं मोबाईलवर टेम्परेचर बघत बसणार का?

बरं आता पंचांग काढा. खरंच काढा, भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि पेननं खुणा करा. श्रावण पूर्ण गेला. नवरात्र गेलं. माळकरी आईच्या घरात आषाढी-कार्तिकीच्या आसपास तुम्ही गच्चीवर पण काही करत नसणार, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, घरी वारीचं माणूस येऊन-जाऊन असतं. एकादशी रविवारी आली की तो रविवार गेला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसात पाहुणे. मग एप्रिल-मे, आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा दुपारी गच्चीवर कोण चढणार, चढला तर रान भाजायची का माणूस. पावसाचे रविवार वेगळेच. राहिले ते मोजा. त्यातले लग्नकार्याचे वजा करा. जो आकडा येईल त्यानं सव्वा लाखाला भागा, मी इथं करून दाखवत नाही, वहिनींच्या हातात कॅल्क्युलेटर द्या, त्यांना आवडेल.

आईंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पत्रात तुम्ही असं सुचवलंय की मशीन आलं की भाज्यांचं पण करू, आईला पण खाता येईल. नाही येणार. एकदा त्या डब्यात मटण झालं की त्या डब्यातली वांगी त्यांच्या ताटात जाणार नाहीत, दुसरी जाळी आणली तरी नाही, कारण धूर आणि वरच्या झाकणाला लागलेली चरबी तीच. आणि त्यांना समजावत बसू नका, त्यांचं बरोबर आहे. आईंसाठी धुराचं करायचं तर त्यांच्या स्वयंपाकघरातल्याच कढईत कोळसा फुलवून वाटीत ठेवायचा, वर तूप सोडायचं आणि झाकण घालायचं, वांग्याच्या भरताला पाच मिनिटं धुरी पुरते. त्यासाठी ओरेगॉनपर्यंत जायची गरज नाही.

पेलेटचं गणित डीलरनं तुम्हाला सांगितलं नसणार, चार पोती फ्री म्हटलं की माणूस पुढचं विचारत नाही. कमी आचेवर धुरी देताना तासाला साधारण अर्धा ते एक किलो जातात, मोठी आच लावली की त्याहून बऱ्याच जास्त. नेहमीचं पोतं नऊ किलोचं असतं, म्हणजे दहा-पंधरा तासाचं काम धरा. चार पोती किती रविवार पुरतील ते आलंच ध्यानात. पाचवं पोतं कुठनं येणार, भाव काय, मुंबईहून सोलापूरला पार्सलचा खर्च किती, आणि डीलरनं उद्या धंदा बदलला तर? खाण्यासाठीच्या पेलेट हा आपल्या बाजारातला रोजचा माल नाही. आणि इथं लगेच कुणीतरी हुशार मित्र सांगणार की अरे एमआयडीसीत बॉयलरला पेलेट मिळतात की, स्वस्तात. त्या अजिबात नको. बॉयलरच्या पेलेट म्हणजे उसाचं चिपाड, सोयाबीनचा भुसा, शेंगांची टरफलं, करवतीचा भुसा, जे मिळेल ते, त्यात प्लायवूडचा भुसा आला की डिंक-केमिकल आलं. बॉयलरला चालतं कारण बॉयलर मटण खात नाही.

पेलेटला दुसरा शत्रू पाणी. एकदा दमट हवा लागली की फुगून परत भुसा होतात आणि तो भुसा स्क्रूमधे दगडागत बसतो, मग स्क्रू खोलून ठोकत बसा. तसं आपलं सोलापूर कोरडं म्हणून बरंय, मुंबईपेक्षा इथं जास्त टिकतील, पण जून ते सप्टेंबर पेटीत पेलेट ठेवून झाकण लावलं आणि विसरलात तर मशीन गेलंच समजा. घरात ज्वारीची जुनी पत्र्याची कोठी असेल तर त्यात ठेवा, घट्ट झाकणाची.

विजेचं म्हणाल तर बिलाची काळजी करू नका. पेटताना कांडी दोन-तीनशे वॅट घेते, ते चार-पाच मिनिटं, नंतर पंखा आणि स्क्रू मिळून पन्नासेक वॅट. आठ तास चाललं तरी अर्ध्या युनिटच्या आसपास. भानगड बिलाची नाही, भानगड लाईट जाण्याची आहे. लाईट गेली की पंखा बंद, स्क्रू बंद, वाटीतला विस्तव मात्र धुमसत राहतो आणि हवा नसल्यामुळं स्क्रूच्या नळीतनं मागं पेटीकडं सरकू शकतो. आणि लाईट आल्यावर घाईनं परत चालू केलं तर वाटीत आधीच साचलेल्या अर्धवट पेलेटवर नवीन पेलेट पडतात, पांढरा दाट धूर भरतो आणि मग भडका उडून झाकण उडाल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळं नियम असा की मधे बंद पडलं तर थंड होऊ द्यायचं, वाटी रिकामी करायची, मगच पेटवायचं. इन्व्हर्टरवर जोडलं तर हा प्रश्न बराच सुटतो, घरचा साधा इन्व्हर्टर सहज ओढतो. पण आपल्या घरात अजून एक सवय असते, काम झालं की बोर्डावरचं बटण खट्कन बंद करायचं. या मशीनला ते चालत नाही, बंद करताना त्याला आतल्या उरलेल्या पेलेट जाळून टाकायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर पंखा चालू पाहिजे. घरातलं कुणीतरी जाता जाता बटण दाबणारच, दाबणारच.

आता मेव्हण्याचा जुना. मन मोडवत नाही मला कळतंय, फुकट आहे, आणि बायकोच्या भावाला नाही म्हणणं सोपं नसतं. पण त्याचं मशीन ११० ते १२० व्होल्टवर आणि ६० हर्ट्झवर चालणारं, आपल्याकडं २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. दुकानदार म्हणेल स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावा की झालं. व्होल्टेजचं होतं हो, हर्ट्झचं होत नाही. जुन्या मॉडेलमधल्या स्क्रूची मोटर एसीवर चालते, तिचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणजे साठच्या ठिकाणी पन्नास मिळाले की ती सहात पाच एवढ्याच वेगानं फिरणार, पेलेट कमी पडणार, कंट्रोलर बिचारा अमेरिकेच्या हिशोबानं चालणार, आणि थंडीत कमी आचेवर जाळ विझण्याची भीती. नवीन मॉडेलमधे डीसी मोटर असते तिथं हा त्रास नाही, पण मेव्हण्याचं जुनं आहे असं तुम्हीच लिहिलंय. वर ती पेटवायची कांडी, ती झिजणारीच वस्तू आहे, कधीतरी जातेच, आणि तिकडची ११० व्होल्टची कांडी इथं नवी पेठेत विचाराल तर लोक तुमच्याकडं बघत बसतील. कंटेनरमधे जागा आहेच तर मेव्हण्याला दोन बारक्या वस्तू आणायला सांगा, मांसात खुपसायचा चांगला डिजिटल थर्मामीटर आणि भोकं पाडलेली स्टीलची पेलेट ट्यूब. ही ट्यूब म्हणजे फूटभर नळी, तिच्यात पेलेट भरून एका टोकाला पेटवायची, जाळ विझवून नुसती धुमसत ठेवायची, चार-पाच तास धूर देते. कुठल्याही झाकणाच्या शेगडीत ठेवली की जो पेलेटचा वास तुम्हाला टेक्सासला आवडला तो मिळतो. यात एक गंमत आहे, पेलेट ग्रिलबद्दल तिकडच्या जुन्या लोकांची तक्रार हीच की धूर कमी लागतो, कारण पंख्यामुळं पेलेट फार स्वच्छ जळतात, आणि दोनशे डिग्रीच्या वर गेलं की धुराचा वास जवळपास उरतच नाही, म्हणून कित्येक लोक सव्वा लाखाच्या मशीनच्या आतसुद्धा हीच नळी ठेवतात!

मग करायचं काय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर तुमच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जा आणि दोनशे लिटरच्या लोखंडी बॅरलचा स्मोकर करून घ्या. बॅरल कुठलं घ्यायचं यावर जीव अडकलाय म्हणून नीट वाचा. खाद्यतेलाचं नाहीतर फळांच्या पल्पचं बॅरल घ्या. टॉवेल-चादरीच्या प्रोसेस हाऊसमधनं निघालेलं रंगाचं, केमिकलचं बॅरल आपल्या गावात लई स्वस्त मिळतं, ते नको, कितीही धुतलं तरी नको. खाण्याच्या मालाचं असलं तरी आतनं कोटिंग असतं ते आधी मोठा जाळ करून पूर्ण जाळून घासून काढायचं. जीआय पत्रा कुठंही वापरू देऊ नका, तापला की जस्ताचा धूर निघतो, तो छातीला वाईट. खाली हवेला तीन-चार भोकं, पाऊण इंचाची, एकाला व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि बाकीच्यांना झाकणं. तळाशी कोळशाची जाळीची टोपली, तिच्यापासनं दोन फूट वर मांसाची जाळी, वरच्या झाकणाला पण धूर जायला भोकं. पहिल्यांदा आतनं तेल लावून दोन-तीन तास रिकामंच तापवा. एवढ्याला सव्वा लाखाचा दहावा हिस्सा पण लागत नाही. खालची हवा किती उघडायची हे दोन-तीन रविवारात हाताला कळतं, आणि एकदा लागलं की बॅरल एकशेवीसवर तास तास सुखानं बसतं, तुम्ही गप्पा मारा. बॅरल करायचाच कंटाळा असेल तर झाकणवाला गोल केटल ग्रिल घ्या, वेबरनं १९५० च्या दशकात आणलेला तोच आकार, आता बऱ्याच कंपन्या करतात, कोळसा एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवायचं. मला विचाराल तर बॅरल.

कोळसा इस्त्रीवाले घेतात तिथनंच घ्या, बाभळीचा, टणक आणि मोठे तुकडे निवडून. रॉकेल ओतून पेटवू नका, मटणाला शेवटपर्यंत वास राहतो. आणि धुरासाठी लाकूड? इथं तुमचं नशीब जोरात आहे. टेक्सासमधे ज्या मेस्कीटच्या लाकडाचं एवढं कौतुक, त्याचीच सख्खी जात म्हणजे आपली वेडी बाभूळ, होटगी रोडला बघा, माळावर बघा, कॅनॉलच्या कडेला बघा, फुकट. दोन्ही प्रोसोपिस गटातली. मेव्हण्याला सांगा, तो हसेल. पण तिचा धूर उग्र, म्हणून एक मनगटाएवढा तुकडा पुरे, चांगला वाळलेला, सहा महिने उन्हात पडलेला. चार-पाच तासाच्या रानेला पेरू किंवा आंब्याचं लाकूड जास्त बरं, मवाळ असतं. सांगोल्याकडचा कुणी मित्र डाळिंबाच्या छाटणीची मोळी देतो म्हणेल, द्राक्षवाले पण देतील, घेऊ नका, त्या बागांवर फवारण्या किती होतात ते त्यांनाच विचारा. कडुलिंबाचं लाकूड कडू. निलगिरी नको. आणि कण्हेर, कॉलनीत जिकडंतिकडं कुंपणाला असते, तिची काडी सुद्धा जाळाजवळ जाऊ देऊ नका, सळई म्हणून वापरायला तर नाहीच नाही, सगळं झाड विषारी आहे. सुताराकडचे तुकडे, पॉलिश, प्लाय, ते पण नको.

मांसाबद्दल थोडं, कारण खरी फसगत तिथं होते. व्हिडिओतल्या रेसिप्या चरबीच्या मांसाच्या आहेत, तशीच्या तशी आपली रान ठेवली तर चामडं होतं. रात्री दही, आलं-लसूण, मीठ आणि आपला सोलापुरी काळा मसाला लावून फ्रिजमधे ठेवा, गच्चीवर नाही, आपल्या उन्हाळ्यात कच्चं मांस बाहेर ठेवायचं म्हणजे आजाराला आवतण. फ्रिजमधनं काढलं की थेट जाळीवर, गार आणि ओल्या मांसाला धूर जास्त धरतो. आतलं टेम्परेचर सत्तरला आलं की वर तूप सोडून फॉइलमधे गच्च गुंडाळा, परत ठेवा, नव्वदच्या वर जाऊ द्या, तेव्हा आतले शिरा-तंतू वितळून हाड आपोआप सुटतं. कोंबडीला हे चालत नाही, तिला कमी आचेवर ठेवलं की कातडी रबर होते, ती एकशेसाठ-सत्तरवर करा आणि आत चौऱ्याहत्तर झालं की काढा. एक गोष्ट मित्रांना आधीच सांगून ठेवा, धुरात शिजलेल्या मांसाला कडेनं गुलाबी रंग येतो, तो धुरातल्या वायूंमुळं, कच्चं नसतं. आपल्याकडं कोंबडी गुलाबी दिसली की माणूस ताट सरकवतो, म्हणून त्यांच्यासमोर थर्मामीटर खुपसून दाखवा.

आणि धूर पांढरा दाट निघत असेल तर मांस ठेवू नका, थांबा, पातळ निळसर होऊ द्या. पांढऱ्यानं मटण कडू होतं आणि शेजाऱ्यांचं भांडण येतं ते वेगळंच. तुमच्या लाईनीत शाकाहारी घरं असणारच, वारा कुठल्या बाजूला आहे बघून बॅरल ठेवा, वाळवणाच्या दिवसात तर विचारूनच पेटवा. कुरड्या-पापडाला मटणाचा वास लागला तर माझं नाव सांगू नका.

पेलेट ग्रिल घ्यावाच कधी? माझं मत सांगतो. तुम्ही घरातनं ऑर्डर घेऊन दर आठवड्याला चार-सहा राना विकायला लागलात, हात एकच आणि दुसरं काम पण आहे, तेव्हा घ्या, त्या दिवशी ते मशीन कामाचा माणूस ठरतं. किंवा तुमचे मित्र यायचे बंद झाले आणि तुम्हाला एकट्याला करायचं आहे, जाळापाशी बसायचा कंटाळा येतोय, तरी घ्या, त्यात लाज नाही. तेव्हा डीलरला विचारायचं ते असं: कांडी आणि कंट्रोलर तुमच्याकडं आत्ता शेल्फवर आहे का, मला दाखवा. पेलेटचा आजचा भाव आणि पोतं सोलापूरपर्यंत पोचवून किती. मशीन २३० व्होल्टसाठीच बनलंय का आत ट्रान्सफॉर्मर लावलाय. मोटर डीसी आहे का. दुरुस्तीला माणूस येणार का मशीन मुंबईला पाठवायचं. एवढ्यावर तो ॲपबद्दल बोलायला लागला तर समजून घ्या. टोकन दिलं नसेल तर बरंच, दिलं असेल तर आजच मागा.

हिवाळ्यात करून बघा पहिल्यांदा, हुरड्याच्या दिवसात, गच्चीवर बसवतं तेव्हा. बॅरल थेट स्लॅबवर ठेवू नका, वॉटरप्रूफिंग केलेलं असेल तर ते उष्णतेनं जाईल आणि पावसाळ्यात खालच्या बेडरूममधे गळेल, मग वहिनी रंगाचा विषय परत काढतील आणि तेव्हा त्यांचंच खरं ठरेल. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर चार विटा, विटांवर बॅरल, आणि शेजारी वाळूची एक बादली भरून ठेवा, चरबीनं पेट घेतला तर पाणी मारायचं नसतं, झाकण लावून खालची सगळी भोकं बंद करायची आणि बाहेर सांडलेलं पेटलं तर वाळू टाकायची.